ठेवायला दिलेलं

वच्छलाबाईंबद्दल सांगायचं तर आधी स्वतःचं कबूल करतो. चार वर्षं मी त्या बाईवर चिडूनच होतो.

कलबुर्गीच्या आमच्या दवाखान्यात तळमजल्याला एक खोली आहे. दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी, पण वॉर्डातले सगळे तिला 'पोटाची बँक' म्हणतात. आतड्याच्या जुन्या दुखण्याचे पेशंट येतात, त्यांना नळी घालून तपासताना डॉक्टर आतून तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढतात. त्यातले एक-दोन जास्तीचे, पेशंटची परवानगी असली तर, माझ्याकडं येतात. मी हरिओम, त्या खोलीचा टेक्निशियन. मी ते तुकडे मेणाच्या वडीत बसवतो, वडीवर नंबर टाकतो, आणि त्या नंबराखाली माणसाच्या दुखण्याची सगळी माहिती संगणकात भरतो. कधीपासून दुखतंय, काय औषध चाललं, काय खाल्लं की बिघडतं. नाव नाही टाकायचं. नावाचं रजिस्टर वेगळ्या कपाटात, कुलपात. उद्या कुणी त्या रोगाचा अभ्यास करायला बसलं की ह्या वड्या आणि ही माहिती त्याला कामाला येते.

परवानगी घ्यायचं काम वच्छलाबाईंचं. त्या राजेश्वर गावच्या. ह्याच दवाखान्यात वीस वर्षं आया होत्या. मराठी, कन्नड, दखनी तिन्ही येतात, आणि एकाच वाक्यात तिन्ही येतात. डॉक्टरांनी फॉर्म पुढं केला की माणूस उठून जायचा, आणि ह्या शेजारी जाऊन बसल्या की सही करायचा. आमच्या प्रमुख भुवनेश्वरी मॅडमनी ते हेरलं आणि त्यांना बँकेत घेतलं.

पण एका फॉर्मला तास! पोरगी कुठं दिली, बोअरला पाणी किती, जावयाचं कसं चाललंय. मी वैतागायचो. "अक्का, फॉर्म दहा मिनिटांचा आहे ओ."

"फॉर्म असंल. माणूस दहा मिन्टाचा हाय का?"

फॉर्मात 'दान' असा शब्द छापलाय. तो त्यांनी कधी उच्चारला नाही. म्हणायच्या, "दान म्हणलं की लोकं घाबरायलेत. डोळे काढतेत का किडनी काढतेत, असं वाटायलंय त्यांना." मग त्याच्या जागी काय म्हणता, हे मी कधी विचारलं नाही. मला सही झालेला कागद मिळाला की बास होतं.

गेल्या जानेवारीत हुलसूरहून सिद्धव्वा आली. तिचा नवरा गुरुपादय्या आमचा दोनशे सात नंबरचा पेशंट. हुलसुरात किराणा दुकान होतं त्याचं. वय त्रेचाळीस. आतड्याचा टीबी समजून कुठंतरी नऊ महिने औषधं दिली, आणि निघाला भलताच रोग, आतडं आपलं आपणच सुजत जातं तो. हे दोन रोग वरून अगदी सारखे दिसतात, भल्याभल्यांची गफलत होते. ती होऊ नये म्हणून तर आमची बँक. पण गुरुपादय्या आमच्याकडं पोचला तोवर उशीर झाला होता, आणि पुढं चारच महिन्यांत तो गेला.

सिद्धव्वा दारातच उभी राहिली. वच्छलाबाईंना म्हणाली, "अक्का, मालकाचं ते तुमच्याकडं ठेवायला दिल्तं बगा. न्यायला आले."

मला वाटलं फाईल मागतेय. "कुठली फाईल?"

"फाईल न्हाई. त्यांच्या पोटातलं." मग ती खाली बसली. "आमच्यात जाळत न्हाईत. मालकाला बसवून माती दिली, गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन. खड्ड्यात उतरवलं तवा आठवलं, ह्यांचं थोडं तिकडं दवाखान्यातच ऱ्हायलंय. तवापासून अन्न गोड लागंना मला. आख्खा माणूस मातीला द्यायचाय."

मी नियम सांगितला. परत द्यायची पद्धत नाही. परवानगी मागं घेता येते, मग आम्ही वडी नष्ट करतो.

"नष्ट म्हंजी?"

"जाळतो," मी म्हणालो. एका दमात म्हणालो, गाढवासारखा.

तिनं पदर तोंडाला लावला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वच्छलाबाईंकडं बघून म्हणाली, "तुमीच म्हणलाव की, ठेवायला द्या म्हणून. म्हणून तर मालक व्हय म्हणाले. देऊन टाकलं असतं तर मी मागायला आले असते का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं शेजारीण गावाला जाताना किल्ली ठेवायला देते, हंडा ठेवायला देते, कधी वासरूसुद्धा. ते वापरा, सांभाळा, पण ते तिचंच. मागितलं की हातात ठेवायचं. ह्यात विचारायचं काय!

मी वच्छलाबाईंना बाहेर व्हरांड्यात नेलं. "अक्का, तुमचा गैरसमज झाला म्हणा आणि मिटवा. एक बाई, एक वडी."

"गैरसमज तिचा न्हाई रे. चूक माजी हाय." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आन हरिओम, मी सगळ्यांनाच तसं म्हणले."

"सगळ्यांना म्हणजे?"

"तीनशे बारा."

हे वर कळलं तर तीनशे बाराच्या तीनशे बारा सह्या कुचकामी. चार वर्षांचं काम, माझी खोली, त्यांची नोकरी, सगळंच जाणार. मी ओरडलो त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू. हात जोडले, गप बसा म्हणालो.

"कामून गप बसू? फॉर्म बघून न्हाई दिलं त्यांनी. माझ्या तोंडाकडं बघून पोटातलं काढून दिलंय." आणि सरळ भुवनेश्वरी मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडमनी त्यांना घालवलं नाही, पण चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अशा परवानग्या बघणाऱ्या समितीची बैठक झाली. ठरलं असं, की सिद्धव्वाला वडी परत द्यायची. बाकी सगळ्यांना पुन्हा विचारायचं, स्वच्छ शब्दांत. तोवर बँकेला कुलूप. निम्म्याहून कमी होकार आले तर कुलूप कायमचं. विचारणार वच्छलाबाई, आणि साक्षीला रजिस्टर घेऊन मी. आलं का माझ्याच गळ्यात!

पहिल्यांदा हुलसूर. शेतात, मातीच्या उंचवट्याजवळ सिद्धव्वानं वडी हातात घेतली. आगपेटीहून लहान, आत दोन पांढुरक्या कण्या. उलटीपालटी करून बघितली. "ह्याच्यावर नाव कुठाय?"

"नाव नसतं," मी म्हणालो. "दोनशे सात म्हणजे तेच."

तिनं खुरप्यानं कडेची माती उकरली, वडी ठेवली, हातानं माती सारखी केली. वच्छलाबाई शिव्या खायच्या तयारीनं उभ्या होत्या. शिव्या नाहीत, चहा नाही, या म्हणणं नाही. बसमध्ये त्या बसवकल्याणपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसल्या.

मग अडीच महिने आमची वणवण. वच्छलाबाईंचं नवं बोलणं ऐकून मी कपाळाला हात लावायचो. "हे दिलं की परत मिळणार न्हाई. नाव ऱ्हाणार न्हाई. तुमचं दुखणं ह्यानं बरं होईल असं बी न्हाई. दुसऱ्या कुणाला गुण आला तर येईल."

"अक्का, जरा गोड बोला की!"

"गोड बोलूनच हितं आलाव आपण."

गाणगापुरात हणमंतराव लॉजवाल्यांनी भर गल्लीत आवाज चढवला. "मग इतके दिवस काय खोटं बोलायलतीस?" वच्छलाबाई मान खाली घालून "व्हय" म्हणाल्या. यात्रेकरू थांबून बघायला लागले. मला त्या दिवशी हणमंतरावांचा लई राग आला, आणि अक्कावर चिडायचं मी त्याच दिवशी सोडलं. हणमंतरावांनी वडी परत मागितली, आम्ही पोचवली.

शेवटी होकार निम्म्याच्या वर आले, पण थोडेच वर. कुलूप निघालं. दीडशेच्या आसपास वड्या गेल्या. कपाटातले रिकामे खण बघून मला रडू यायचं, आणि वच्छलाबाई तर माझ्या खोलीत यायच्याच बंद झाल्या. व्हरांड्यातूनच कागद द्यायच्या.

आषाढात सिद्धव्वा पुन्हा आली. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. वच्छलाबाई व्हरांड्यातच होत्या, तिला बघून चटकन उभ्या राहिल्या. तिनं माझ्या टेबलावर कापड सोडलं. भिंतीवर लावतात ती कॅलेंडरं, दोन वर्षांची. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक कन्नड अक्षरं. गुरुपादय्यानं दुकानात बसून रोज लिहिलेलं होतं ते. काय खाल्लं, कुठं दुखलं, किती वेळा जावं लागलं. टीबीच्या गोळ्या कधी सुरू झाल्या, त्यानं काय फरक पडला, काय नाही पडला. दुखायला लागलं त्या आठवड्यापासून, जायच्या आधीच्या पाच दिवसांपर्यंत.

माझ्या फॉर्मात ह्या सगळ्याला एक ओळ असते. तीनशे बारात कुणाकडं असलं काही नव्हतं. ज्या गफलतीनं तो माणूस गेला, ती एकेका दिवसानं तिथं लिहिलेली होती.

वच्छलाबाई दारातूनच बोलायला लागल्या. "सिद्धव्वा, आधी ऐकून घे. हे दिलं की परत मिळणार न्हाई. नाव—"

"ठाव हाय, अक्का." सिद्धव्वानं कॅलेंडरं माझ्याकडं सरकवली. "माणूस मातीला दिलाय मी, आख्खा. हे त्यांचं दुखणं हाय. हे मला घरात नको." मग वच्छलाबाईंचा हात धरून तिनं त्यांना खोलीत ओढलं. "आन हे ठेवायला न्हाई बरं का. हे दिलंय."

वच्छलाबाई माझ्या खुर्चीवर बसून रडल्या. मी दोनशे सात नंबर उघडला. वडीच्या रकान्यात 'परत' लिहिलेलं होतं. त्याच्या खाली मी कॅलेंडरातली पहिली तारीख भरायला घेतली.