मुकुटबनचा एकुलता एक वाचक

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाही तर ऐकताना ठसका लागेल आणि तोही माझ्याच नावावर जाईल.

शेतीतून वेळ मिळाला की मी मोबाईलवर गोष्टी लिहितो, हे तुम्हाला माहीत आहेच. जुन्या रहस्यकथांमधला गुप्तहेर घ्यायचा, दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीतल्या कालयंत्रात त्याला बसवायचं आणि आजोबांच्या काळातल्या राळेगावात नेऊन सोडायचं. गुप्तहेर उसना, यंत्र उसनं, गाव तेवढं माझं. याला फॅन फिक्शन म्हणतात. आमच्या घरी रिकामे धंदे म्हणतात.

वाचक किती? एक. नाव ‘अज्ञात’, गाव मुकुटबन. रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या भागावर त्याचा शेरा यायचा आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तो चारचारदा वाचायचो.

बाराव्या भागात माझ्या गुप्तहेरानं भर ज्येष्ठात, केसात अडकलेल्या ताज्या कापसावरून चोर पकडला. लगेच शेरा आला, ‘जेठात तं पेरणी असते, कापूस कुठून आणला? शेतात सीतादहीची पूजा झाल्याबिगर वेचणीले कोण हात लावते? शेतकऱ्याले एवढंही समजत नसन, तर आजपासून माहं वाचणं बंद.’

आणि खरंच बंद. आठ दिवस शेरा नाही. मी दिवसातून दहादा मोबाईल उघडून बघायचो, हो. एकच वाचक, तोही गेला, तर लिहायचं कुणासाठी?

मग मी स्वतःच तपासाला लागलो. माणूस मुकुटबनचा. शेतीतला जाणकार. दुपारी निवांत. जीभ तिखट. अरे, हे तर आमचे सासरे! माझी सासुरवाडी मुकुटबनच की. मामाजी दिवसभर चष्मा लावून पेपर वाचतात आणि चुका सापडल्या की खाली रेघा ओढतात. आणखी काय पुरावा हवा?

बायकोला, म्हणजे अर्चनाला, काही न सांगता मी सकाळची एसटी धरली. हातात पेढ्यांचा डबा.

आता सणवार नसताना जावई एकटाच सासुरवाडीला उगवला, तर आपल्याकडे काय समजतात? मला पाहून मामीजींच्या हातातलं सूप खाली आलं. मामाजी मागून अर्चना येते का म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत बघून आले.

मी त्यांचे पाय धरले. "मामाजी, मले सारं समजलं. चूक माहीच आहे. घाईत झालं. पण असं एकदम तोडू नका."

मामाजी मटकन खाली बसले. पाच मिनिटांत दोन्ही चुलतसासरे हजर. चहा नाही, पाणी नाही. थोरल्यांनी विचारलं, हे किती दिवसांपासून चालू आहे? मी खरं ते सांगितलं, वर्ष झालं.

"अन् आमच्या पोरीले माहीत आहे?"

"तिले कायले सांगू? तिले यातलं काही समजत नाही."

मामीजींनी पदर डोळ्यांना लावला. मामाजींनी तिथल्या तिथे अर्चनाला फोन लावला, तोही स्पीकरवर, आणि सामान बांधून ठेव, घ्यायला येतो म्हणून सांगितलं. मी काय काय कबूल केलं तेही ऐकवलं. तिकडून अर्चनाचा आवाज आला.

"बाबा, त्यायले विचारा, जेठातल्या कापसाचं बोलून राह्यले का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

"तो वाचक मीच आहो. एवढं लिहून राह्यले, पण तू वाचतं का म्हणून एका शब्दानं मले विचारलं नाही यायनं."

खरं सांगतो, मला लाज वाटली. पण लाजायला तरी कुठे सवड मिळाली? थोरले चुलतसासरे पोट धरून हसत होते आणि हसता हसता माझ्याच डब्यातले पेढे संपवत होते.

घरी येऊन बारावा भाग दिवाळीनंतर सरकवला. तेराव्यात गुप्तहेराला कालयंत्रातून थेट सासुरवाडीला पाठवलं आणि झालं ते सगळं, एक अक्षर न लपवता, त्याच्या माथी मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर मोबाईल वाजला. शेरा आला होता!

‘गुप्तहेर आता कुठं खरा वाटला. पहिल्या भागापासून असाच मठ्ठ दाखवायचा होता.’