कोल्हापूरला कळवून गेलो

नेसरीच्या स्टँडवर आम्ही चौघं सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उभे होतो. गडहिंग्लजची गाडी साडेसहाची. बरोबर दोन बॅगा, पाण्याच्या तीन बाटल्या आणि एक पिशवी. पिशवी हलकी होती, कारण माझ्या बायकोनं, सुमननं, शिदोरी बांधली नव्हती. "तीन दिवस मी चुलीजवळ जाणार न्हाय," असं तिनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. गावाबाहेर जाताना तिनं दशम्या बांधल्या नाहीत असं याआधी एकदाही घडलेलं नाही.

सहल का निघाली ते सांगतो. मी गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट मोजतो. म्हशी सुट्टी घेत नाहीत, त्यामुळे मलाही नसते. सकाळ-संध्याकाळ माझी जागा ठरलेली. मुलगी अनुजा नर्सिंग पूर्ण करून पुढच्या गुरुवारी मस्कतच्या दवाखान्यात नोकरीला निघणार होती, दोन वर्षांच्या करारावर. मुलगा सागर बारावीला. सुमनचं मागणं एवढंच होतं की, पोरगी जायच्या आधी चौघांनी एखाद्या मोठ्या शहरात तीन दिवस राहायचं. लॉजवर उतरायचं, हॉटेलात एका टेबलावर बसून जेवायचं.

"तिथं मी कुणाची सून न्हाय, जाऊ न्हाय. नुसती पोरांची आई," ती म्हणाली होती.

मी आठवडाभर कागदावर शहरं मांडली. मुंबईत चौघांना खोली घ्यायची तर तीन दिवसांत दोन महिन्यांचा पगार जात होता. बेंगळुरूचं रेल्वेचं आरक्षण मिळेना. पुण्यात खोली परवडत होती, पण ती शहराबाहेर, आणि रिक्षाचा खर्च खोलीपेक्षा जास्त. उरलं कोल्हापूर. बायकांना एस्टीत अर्धं तिकीट, शाहूपुरीत स्टँडपासून चालत सहा मिनिटांवर लॉज, एका खोलीत चार खाटा. मी फोनवरून आगाऊ पैसे भरले.

"बाबा, ही सहल हाय का दवाखान्याची खेप?" सागरनं विचारलं. त्याचं चुकलं नव्हतं. कोल्हापूरला मी पस्तीसेक वेळा तरी गेलो असेन. दवाखाना, कचेरी, लग्नं, मयती. शहर बघायला एकदाही नाही. सुमन मात्र म्हणाली, "कोल्हापूर तर कोल्हापूर. लॉज असला म्हंजे झालं."

गडहिंग्लजला गाडी बदलली. संकेश्वरपासून रस्ता कर्नाटकातून जातो, पाट्या कानडी होतात, निपाणी ओलांडून कागलला आलं की पुन्हा मराठी. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच तंबाखूचं मोकळं रान. निपाणीच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबलो. चार चहा घेतले आणि चौघांनी एकाच बाकड्यावर बसून प्यायले. सुमन अनुजाच्या खांद्याला टेकून बसली होती. चांगली वेळ आहे असं बघून मी तिला एक गोष्ट सांगितली, जी दोन दिवस सांगायची राहिली होती. मी बाळूदादाला फोन केला होता.

बाळूदादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मंगळवार पेठेत त्याचं स्वतःचं घर आहे. आमच्याकडची रीत अशी की, भाऊबंद ज्या गावात आहे तिथं जाऊन त्याला न कळवता परतलो, तर ते नातं मोडल्यासारखंच. आम्ही रंकाळ्यावर भेळ खात असताना तो समोर आला असता तर मी तोंड कुठं लपवणार होतो? म्हणून फक्त कळवलं. लॉज घेतलाय, पैसे भरलेत, तुला भेटायला येऊन जाऊ, असं स्पष्ट सांगितलं. "बरं बरं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

सुमन अनुजाच्या खांद्यावरून सरळ झाली. "कशापायी केला?" तिनं विचारलं. मी कारण सांगितलं. तिनं उरलेला चहा बाकड्याखाली ओतला आणि गाडीत जाऊन बसली.

कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागली तेव्हा बाळूदादा समोर उभा होता. पांढरा शर्ट, काखेत छत्री. आम्ही उतरायच्या आत एक बॅग त्याच्या हातात गेली होती.

"आरं शिवा, आमचं घर काय पुरात व्हावून गेलंय व्हय?"

"दादा, लॉजचे पैसे भरलेत," मी म्हणालो.

"भरलंस तर भरलंस. खोली काय तुझ्या नावानं रडत बसत न्हाय. लॉजवर पावणं उतरत्यात. तू पावणा हायस काय?"

अनुजा पुढं झाली. "काका, एक दिवस जेवायला येतो की आम्ही. राहायला लॉजवरच."

"मग तुझ्या काकूनं सकाळधरनं तीन किलो मटण कुणासाठी शिजत घातलंय? स्टँडवरच्या हमालांना वाढू?"

रिक्षावाल्यानं बॅग आत घेतली होती. "बसा पावणं, मीटर सुरू हाय. भांडाण घरात बसून करा."

मी सुमनकडं बघितलं. तिनं दुसरी बॅग उचलून स्वतःच रिक्षात ठेवली. तिला चालेल असा त्याचा अर्थ मी लावला. खरं सांगायचं तर मला तोच अर्थ सोयीचा होता. दोन दिवसांच्या जेवणखाणाचा आणि फिरण्याचा खर्च वाचणार, हा हिशेब रिक्षा स्टँडच्या बाहेर पडायच्या आत माझ्या डोक्यात होऊन गेला होता.

वहिनींबद्दल एक शब्दही वाईट लिहिता येणार नाही. दारातच त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, अनुजाला जवळ घेऊन रडल्या. त्यांचे गुडघे गेलेत. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात बाईमाणूस त्या एकट्याच, आणि आम्ही आल्याचं निमित्त करून दादानं पेठेतले चार जण जेवायला बोलावलेले. "सुमन, तू आलीस म्हणून बरं बाई," वहिनी म्हणाल्या. सुमननं हातपाय धुतले, पदर खोचला आणि "अक्का, परात कुठाय?" असं विचारून ती आत गेली. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. अनुजा तिच्या मागून गेली.

जेवण वरच्या खोलीत पुरुषांचं आधी. तांबडा रस्सा झणझणीत, पांढरा नारळाच्या दुधाचा, सुक्क्या मटणात खोबरं भाजून घातलेलं. असं जेवण मी वर्षात एखाद्या वेळी जेवतो. पाट मांडताना मी म्हणालो, "दादा, आम्ही चौघं एकदम बसतो की मागनं."

"बायकांच्या पंगतीला बसणार? खुळा का काय?" दादा म्हणाला. पेठेतले चौघं हसले.

"बसा भावजी, रस्सा गार हुतोय," जिन्यातून वहिनी म्हणाल्या.

भाकरी घेऊन सुमन आली. मनगटापर्यंत पीठ लागलेलं. माझ्या ताटासमोर वाकून तिनं विचारलं, "वाढू?" हा शब्द ती घरीही रोज विचारते, पण या वेळी तो तिऱ्हाइताला विचारावा तसा होता. मी मान हलवली.

संध्याकाळी रंकाळ्याला गेलो ते दादा, सागर आणि मी. बायका रात्रीच्या स्वयंपाकाला लागल्या होत्या. तळ्यावर वारा छान होता. कठड्यावर एक कुटुंब बसलं होतं. आई, बाप आणि दोन मुली, मध्ये भेळेचे कागद. सागर त्यांच्याकडं बघत होता. "आईला इथं आणायचं हुतं न्हवं?" त्यानं विचारलं. "उद्या आणू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादानं आम्हा दोघांना गंगावेशीत नेलं. तिथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच पेल्यात देतात. मी चव घेऊन फॅटचा अंदाज सांगितला, गवळी खूश झाला. घरी परतलो तर अनुजाभोवती आळीतल्या सात बायका. नर्स आली म्हटल्यावर कुणी रक्ताचा रिपोर्ट, कुणी सुजलेला पाय घेऊन आलेली. अनुजा एकेकीला शांतपणे सांगत होती. माझ्याकडं तिनं एकदाच बघितलं. न्यू पॅलेस बघायचा बेत होता. तो दुपारवर गेला, आणि दुपारी जेवणातच बुडाला.

जेवणानंतर दादाचा डोळा लागला तेव्हा मी एकटाच शाहूपुरीत लॉजवर गेलो. भरलेले पैसे थोडे तरी परत मिळतात का बघायला.

मॅनेजर साठीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला. "पैसे मिळणार न्हाईत पावणं, बोर्डावर लिवलंय. पण खोली उद्या बारा वाजेपतूर तुमचीच हाय. बघून तरी जावा." जिना चढून त्यानं दार उघडलं. चार खाटा, पांढऱ्या चादरी, चार उशा. खिडकीपाशी एक टेबल आणि त्याला चार खुर्च्या. खोली स्वच्छ होती. मी एका खुर्चीवर बसलो. वरचा पंखा त्यानं सुरू केला.

"कुटुंब कुठाय?"

"मंगळवार पेठेत. भावाच्या घरी."

"स्टँडवरनंच उचलून न्हेलं असंल. निम्मी गिऱ्हाइकं आमची तशीच जात्यात."

"मग करायचं काय माणसानं?"

"कळवायचं न्हाय."

"आणि दिसलो तर?"

"तर भांडण हुतंय. भांडण काय, वरीसभरात मिटतंय की."

साठ वर्षांच्या माणसानं हे इतक्या सहज सांगितलं की मला त्याचा हेवा वाटला. मी चावी मागितली. त्यानं दिली.

परत येताना मी जवळजवळ पळत होतो. अजून एक संध्याकाळ आणि एक सकाळ शिल्लक होती. चौघांनी उठायचं, दादाच्या पाया पडायचं आणि निघायचं. मी थेट स्वयंपाकघरात गेलो. या घरात पुरुष तिथं जात नाहीत. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होत्या. सुमन खाली बसून पीठ मळत होती, अनुजा कांदा चिरत होती.

"चल," मी चावी दाखवत म्हणालो. "खोली अजून आपलीच हाय. चार खाटा, टेबल, समदं हाय. पोराला हाक मारतो."

सुमननं चावीकडं बघितलं. हात थांबले नाहीत. "दादांच्या लेकीच्या सासरची माणसं येणार हायत जेवायला. धा जण. आत्ता उठून गेलो तर अक्का एवढं करणार कसं? त्यांना उभं ऱ्हायला येत न्हाय."

"त्यांचं ते बघतील."

"असं कसं बघतील?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आवो, हे स्टँडवर म्हणायचं हुतं. मी तुमच्या तोंडाकडं बघत हुते. तुमी म्हणाला न्हाईसा."

मी म्हणालो, तू बॅग ठेवलीस, म्हणून मला वाटलं तुला चालंल.

"रिक्षावाला खोळंबला हुता," ती म्हणाली.

अनुजा कांद्यावरून डोळे न उचलता बोलली. "बाबा, असू दे. जा तुम्ही बाहेर, काकू येतायत."

त्या दिवशी दोन वेळच्या मिळून चोपन्न भाकरी झाल्या. वहिनींनीच कौतुकानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चावी परत केली. मग अंबाबाईच्या दर्शनाला सगळे निघालो. चला, एवढं तरी चौघांचं एकत्र होईल असं मला वाटलं होतं. देवळात बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. आमची रांग लवकर सरकली. बाहेर मंडपात मी आणि सागर पाऊण तास उभे होतो. त्या दोघी आल्या तेव्हा दुपारच्या गाडीची वेळ झाली होती.

निघताना वहिनींनी सुमनची ओटी भरली, साडी दिली. "एवढ्यात चाललीस? चार दिस ऱ्हायचं हुतंस," असं म्हणून त्या खरोखर रडल्या. सुमनच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे मी विचारलं नाही. परतीच्या गाडीत आम्हाला चार वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाल्या. न्याहाऱ्या धरून तीन दिवसांत जेवणं सहा झाली. चौघं मिळून जेवलो असं एकही नाही.

दूध संस्थेत लोक विचारतात, किती खर्च आला? मी आकडा सांगतो. "एवढ्यात तीन दिवस? चौघं? आम्हालाबी लिहून द्या की," म्हणतात. म्हणून हे लिहून देतो आहे. लॉज चांगला होता. मॅनेजर सरळ माणूस होता. अंदाजापेक्षा पैसे कमी लागले. यापलीकडं माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

गुरुवारी अनुजाला गडहिंग्लजहून मुंबईच्या गाडीत बसवलं. तिच्याबरोबर जाणाऱ्या दोघी मैत्रिणी होत्या. खिडकीतून तिनं आईचा हात धरला होता, गाडी हलल्यावर सोडला. सागरचा क्लास होता, त्यामुळं परत येताना आम्ही दोघंच. सुमन खिडकीशी बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "दोन वरसानं पोरगी येईल. तवा परत जाऊ. चौघंच. लॉजवर."

सुमननं माझ्याकडं तोंड वळवलं. रागानं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "दादांना न कळवता?"

कळवणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं असतं. पण कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी काय करीन, हे मला माहीत होतं. खात्री नसलेली गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती वाट बघत होती. मग तिनं तोंड पुन्हा खिडकीकडं केलं, आणि नेसरी येईपर्यंत ते तिकडंच होतं.