दुसरं हँडल

ऐन भातकापणीत मी घर सोडलं. कर्जतला जाणारा टेंपो कडावच्या रस्त्यावर थांबला होता. आप्पा माझी बॅग मागे नीट लागली का ते पुन्हा पुन्हा बघत होते आणि आये रडायचं सोडून ड्रायव्हरलाच "सावकाश हाक रं" म्हणून दम देत होती. माझी मोठी बहीण सुशी मात्र कुठे दिसेना. टेंपो सुरू झाला तशी ती शेतातून धावत आली, हातात विळा, केसांत पेंढ्याची कुसळं. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. तर म्हणाली, "बाय, तू निवांत जा. तुझी पात मी घेते." आणि आली तशी परत शेतात गेली. मला रागच आला. बहीण नर्स होऊन मस्कतला निघाली आहे आणि हिच्या डोक्यात भात!

पात म्हणजे काय, हे गावात राहिलेल्यांना सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगते. कापणीला सगळे ओळीने बसतात आणि ज्याच्या वाट्याला जो पट्टा येतो, ती त्याची पात. सुशीचा हात भलता चालायचा. चौथीपुढे शाळेत तिचं डोकं चाललं नाही, त्याचं उट्टं तिने विळ्यावर काढलं. ती बांधाला पोचायची तेव्हा मी अर्ध्यातच असायचे. पण पुढे गेलेल्याने बांधावर एकट्याने बसून राहायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्याने वळायचं, मागे पडलेल्याची पात पलीकडच्या टोकाने धरायची आणि कापत कापत त्याच्याकडे यायचं. कंबर मोडून आली की मी मान वर करायचे, तर समोर सुशी दात काढून हसत असायची. "आली गं आली," म्हणायची.

मस्कतला हॉस्पिटलचं हॉस्टेल होतं. स्वच्छ खोल्या, एसी, चोवीस तास पाणी. काम मला मनापासून आवडायचं, पण ड्यूटी संपली की करायचं काय? सोबतच्या बहुतेक मुली केरळच्या. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा त्या चर्चला जायच्या आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी आणि टीव्ही. त्या टीव्हीला कोणीतरी मागे ठेवून गेलेला व्हिडिओ गेम जोडलेला होता. कॅसेट खोचायची की दोन वीर यायचे, एक तलवारवाला, एक कुऱ्हाडवाला. भुयारं, वटवाघळं, आग ओकणारा अजगर, आणि शेवटी एक दार.

सुरुवातीला पडदा विचारायचा, खेळणार एक की दोन? मी दोन दाबायचे. आता एकटीला दोन कशाला? पण दुसरं हँडल नुसतं पडलेलं मला बघवत नसे. तलवारवाला माझ्या हातात. कुऱ्हाडवाल्याचं नाव मी सुशी ठेवलं होतं. पंचाईत अशी, की दोघं उंबऱ्यावर उभे राहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. मग मी माझ्या वीराला पुढे नेऊन उभं करायचे आणि तो तिथे एकटा मार खात असताना दुसरं हँडल उचलून सुशीला आणायला मागे जायचे. कधी घाई झाली तर दुसऱ्या हँडलचं बटण पायाच्या अंगठ्याने दाबायचे. पण ती पोचेपर्यंत माझा वीर मरून पडलेला असायचा. इतक्या महिन्यांत ते दार एकदाही उघडलं नाही.

हळूहळू मला तिथे राहवेना. पुढचा करार करणार नाही, असं मी मेट्रनबाईंना सांगून टाकलं. आवडतं काम सुटणार म्हणून जीव तुटत होता, पण बोलायला आपलं माणूस नाही तिथे माणूस किती दिवस काढणार?

अशाच एका शुक्रवारी माझ्या खोलीतली लिसी चर्चमधून लवकर परतली आणि दारातच थबकली. मी हॉलमध्ये जमिनीवर बसलेली, हात एका हँडलवर, पाय दुसऱ्यावर. ती पोट धरून हसली. "अरे कुसुम, वन प्लेयर दबाओ ना! अकेले के लिए वही है."

मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला पात समजावली. लिसीच्या गावीही भातच. तिचं हसणं थांबलं. चर्चची कडक इस्त्रीची साडी तशीच सावरत ती खाली बसली आणि दुसरं हँडल उचललं. हात तिचा चपळ. बघता बघता ती दाराशी पोचली आणि मी मागे वटवाघळांत अडकले. मी काही बोलायच्या आत तिचा कुऱ्हाडवाला वळला. "रुको, आ रही हूँ," लिसी म्हणाली.

दार उघडलं तेव्हा मला हुंदका आवरेना. ती बिचारी घाबरली, गेम जिंकून कोणी असं रडतं का! दुसऱ्या दिवशी मी मेट्रनबाईंना भेटून करार पुढे चालू करायला सांगितलं.

पुढच्या रजेत तसाच गेम विकत घेऊन मी कडावला आले. सुशीचं सासर गावातच, टीव्ही तिच्याकडे. पण तो ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे दोन्ही वीर सारखेच करडे दिसायचे. "ह्यातली मी कंची गं?" करत सुशीने पहिल्या फटक्यात भिंतीवर धडक घेतली आणि तिथेच अडकली. विळ्यावरची वाघीण, पण बटणं काही तिला जमेनात. जन्मात पहिल्यांदा मी पुढे होते आणि ती मागे. मी दारापासून वळले. "आली गं आली," मी म्हटलं.

त्या रजेत मला उमगलं की मी गेल्यापासून तिने स्वतःच्या घरचं उरकून आप्पांच्या शेतातली माझी पात एकदाही पडू दिली नव्हती. मी तिकडे निवांत झोपले ते तिच्या जिवावर. तिचे आभार मानावे तर ती चिडते. कडाव माझं घर, हे मी कुणालाही सांगेन. पण निघताना या वेळी माझा पाय अडखळला नाही, त्याचं कारण सुशीनेच माझ्याकडून काढून घेतलं.

टेंपो आला होता. ती या वेळी आधीच रस्त्यावर येऊन उभी होती.

"तिकडं ते दुसरं हँडल कोण धरतं?"

"लिसी म्हणून आहे एक."

"फुडं गेली तर वळते का मागं?"

"वळते."

"मंग जा," सुशी म्हणाली, आणि विळा घेऊन शेताकडे वळली.