बटणांवरच्या टिकल्या

माझ्या दोघा नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, दादाच्या म्युझिकच्या डब्यावर टिकल्या कुणी चिकटवल्या?" आणि थोरला म्हणाला, "बाबांचे मित्र तिकडून येताहेत, त्यांच्याबरोबर तो डबा पाठवून दे ना." मी दोघांनाही "सांगते, सांगते" म्हणत फोन ठेवला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला आईची मदत लागली नसती, आणि कॉन्व्हेंटात शिकून जन्मभर कॉलेजच्या लायब्ररीत काढल्यामुळे मलाही ते सोपं गेलं असतं. पण यात अक्का बोलते, आणि अक्काला इंग्रजीत बोलतं करणं मला जमेना. आई वाचून दाखवील. सावकाश ऐका, कारण यातलं सगळं मलाही समजलेलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. ती मुलाकडे सर्जापूर रोडला राहते, मी इथे राजाजीनगरला. एकाच गावात असून तिच्याकडे जायचं म्हणजे डबा बांधून निघावं लागतं. तिच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे नीट पाहायला जावं तेच नाहीसं होतं, असं ती म्हणते. म्हणून ती तुमच्याशी बोलताना तोंड खिडकीकडे करून बसते. ती रागावलेली नसते.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा एका संध्याकाळी म्हणाली, "ते बाकीचं जाऊ दे. कडेचं जायच्या आत एकदा आईचं तोंड बघायचंय."

आमच्या आईचा एकच फोटो आहे. आई खुर्चीवर बसली आहे आणि पाच-सहा वर्षांची अक्का तिचा पदर धरून उभी आहे. मी त्या फोटोत नाही, मी तेव्हा व्हायचे होते. फोटो कितीतरी वर्षं खिडकीसमोरच्या भिंतीवर होता. उन्हानं तो तपकिरी झाला आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी फिकट ठिपका उरला. मी अगदी लहान असताना आई गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. म्हणजे ज्या बाईला तो चेहरा ठाऊक आहे तिला दिसत नाही, आणि जिला दिसतं तिला तो ठाऊक नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटलं, हे कॉम्प्युटरचं काम आहे, नीट केलं की होईल.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहते. कंपनीच्या कॅबनं रोज व्हाइटफील्डला जाते आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढते. तिनं फोटो स्कॅन करून माझ्या लॅपटॉपवर फोटो सुधारायचा प्रोग्रॅम घालून दिला. उजेड, सावली, गडदपणा, सगळ्याला पडद्यावर एकेक बारीक रेघ आणि रेघेवर त्याहून बारीक खूण. ती माउसनं धरून सरकवायची. माझ्या बोटांचा संधिवात तिला सांगितला नव्हता. मी खूण धरायला जायची तर ती निसटून भलतीकडे पळायची, आणि आई एकदम चुन्यासारखी पांढरी व्हायची.

"काकू, तुमच्याकडे मिडी कंट्रोलर आहे ना? कपाटावर बघितला मी," ती म्हणाली. "तो वापरू या. एकदम सॉर्टेड होईल."

थोरल्या, तो तुझा डबा. मागच्या सुट्टीत सामानाचं वजन जास्त झालं म्हणून तू ठेवून गेला होतास. वर गोल बटणांची रांग, खाली वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या. मी म्हटलं, "अगं, तो गाण्याचा आहे."

"तो गाण्याचा नाहीच, काकू. तो फक्त नंबर पाठवतो. बटण फिरवलं की नंबर जातो. तो नंबर आवाजाला लावा नाहीतर फोटोच्या ब्राइटनेसला, त्याला काय कळतंय?"

मलाही काही कळलं नाही. पण तिनं मध्ये आणखी एक छोटा प्रोग्रॅम घातला, एकेक बटण फिरवून ते फोटोतल्या कशाला जोडायचं ते ठरवलं, आणि खरंच, पहिलं बटण फिरवताच आईवर उजेड पडला. रेडिओचा आवाज वाढवावा तसा. माझी बोटं दुखली नाहीत. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथल्या तिथे उपमा करून घातला.

बटणांवर नावं नव्हती. चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या तर अक्काला वाचता आल्या नसत्या. म्हणून मी टिकल्यांची पाकिटं काढली. मोठी टिकली उजेडाला, मधली सावलीला, खड्याची गडदपणाला, लांबट नागमोडी एक होती ती कॉन्ट्रास्टला. अक्कानं रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अय्यो, सगळ्या सुवासिनी ओळीनं बसवल्यात की गं. ओटी कधी भरतेस?"

पुढचा गोंधळ मात्र माझा एकटीचा. मी सवयीनं काम संपलं की सगळी बटणं सरळ मध्यावर आणून ठेवायची. गॅसची बटणं बंद केल्याशिवाय स्वयंपाकघरातून निघतं का कुणी? दुसऱ्या दिवशी बघावं तर कालचा फोटो बिघडलेला. वरची मुलगी म्हणाली, "काकू, बटण मध्यावर आणलंत म्हणजे फोटोही मध्यावर आला ना." बरं. मग मी बटणं होती तशी सोडायला लागले. तर सरावाला घेतलेला दुसराच कुठला फोटो उघडून जरा हात लावला की तो फोटो दचकून पहिल्या फोटोसारखा व्हायचा. कारण बटण पहिल्या फोटोच्या जागी उभं होतं. आपण कुठल्या फोटोसाठी उभे आहोत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिनं त्यावर काहीतरी सेटिंग बदललं. आता बटण फिरवलं तरी काहीच व्हायचं नाही, आणि फिरवत राहून ते फोटोच्या जागेवर आलं की मध्येच कुठेतरी फोटो त्याचा हात धरायचा आणि चालू लागायचा. ती म्हणे, हे बरोबर आहे. मला वाटलं, आधी आगाऊ होतं, आता मुकं झालं.

तरीही मी बरेच दिवस खपून आईचा चेहरा काढला. भुवया दिसू लागल्या, नाकाची बाजू, ओठांची रेघ. सगळं सौम्य, नीटनेटकं. अक्काला समोर बसवलं.

तिनं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "कुठाय?"

"ही काय. खुर्चीवर."

"खुर्ची दिसतीय. खुर्चीवर धुकं बसलंय."

मी उजेड वाढवला, कमी केला. तिला काहीच लागू पडेना. शेवटी तीच म्हणाली, "स्वल्प सरक तिकडे. ती टिकल्यांची पाटी दे इकडे."

तिला माउसचा बाण कधीच दिसला नसता. पण टिकल्या बोटांना लागत होत्या. पडद्याकडे कान करून, तोंड भलतीकडे ठेवून, ती दोन्ही हातांनी बटणं फिरवायला लागली. मला बघवेना. मी जपून काढलेल्या भुवया गेल्या, साडीच्या चुण्या गेल्या, खुर्चीचे पाय काळ्यात बुडाले. पडद्यावर शाई सांडल्यासारखं झालं. मी "अगं अगं" म्हणतेय तोवर ती थांबली आणि हात तसेच ठेवून बसून राहिली.

"आई आहे," ती म्हणाली. "ही बघ. माझ्याकडे बघतीय, त्या फोटोवाल्याकडे नाही."

मी पाहिलं. मला शाई दिसली.

"तुला दिसतीय ना?" तिनं विचारलं.

"दिसतीय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या सकाळी लवकर तिचा मुलगा गाडी घेऊन आला आणि ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्याचा मोठा कागद काढून पाठव. उशाशी लावते." वरची मुलगी संध्याकाळी कामावरून आली की प्रिंट काढायची असं ठरलं होतं, म्हणून मी लॅपटॉप चालूच ठेवला होता. पडदा तेवढा काळा झाला होता.

आणि मी रोजच्यासारखं घर पुसायला घेतलं.

टेबल पुसलं, दिव्याची टोपी पुसली, डबाही पुसला. बटणांच्या भोवती धूळ साचते, म्हणून ओल्या फडक्याचं टोक पिळून एकेका टिकलीच्या कडेनं नीट फिरवलं. पट्ट्यांच्या खाचाही पुसल्या. संध्याकाळी त्या मुलीनं पडदा जागा केला तेव्हा शाई होती, पण कालच्याहून वेगळी. म्हणजे मला वेगळी वाटली. कालची नेमकी कशी होती हेही मला सांगता येईना.

"काकू, डोंट वरी, प्रत्येक स्टेप सेव्ह असते," ती म्हणाली आणि एकेक पायरी मागे जायला शिकवलं. पायऱ्याच पायऱ्या. बटण जरासं हललं तरी एक पायरी. आम्ही मागे गेलो, पुढे आलो. एक शाई, दुसरी शाई, तिसरी शाई. मधेच ती विचारायची, "ही का?" मी म्हणायची, "असेल." मग पुढची पाहिली की तीही तशीच वाटायची. ती दमून वर गेली. मला फोन करून अक्काला सांगायचा धीर होईना. ती सापडलेली आई मी फडक्यानं पुसली होती, आणि अक्काच्या डोळ्यांचं काय, उद्या कडेचंही दिसेल की नाही कुणी सांगावं.

शनिवारी मी लॅपटॉप आणि डबा भाजीच्या मोठ्या पिशवीत घालून अक्काकडे जायला कॅब केली. अर्धा वेळ सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीतच गेला. कॅबवाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, "पिशवीत काय आहे, अम्मा, इतकं धरून बसलाय?" मी म्हटलं, "फोटो." तो म्हणाला, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि समोरच्या बसला हॉर्न दिला.

अक्काला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती गप्प होईल. ती म्हणाली, "तू लहानपणी माझी पाटीसुद्धा पुसून ठेवायचीस. गणितं सोडवलेली. दाखव."

लॅपटॉप उघडला. मी ठरवलं होतं, फडक्याच्या पायऱ्या आधी सगळ्या मागे टाकायच्या, मग तिच्या स्वतःच्या पायऱ्या येतील, तिथे ती ओळखेल. मी मागे जायला सुरुवात केली. ती मान वाकडी करून बसली होती. "नाही. नाही. हं, नाही." अजून फडक्याच्याच पायऱ्या चालल्या होत्या, मला पक्कं ठाऊक होतं, मी सगळी बटणं पुसली होती. आणि तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. ही."

"अक्का, ही नसेल. ही माझ्या..."

"हनुवटीवर गोंदण आहे. त्या दिवशी नव्हतं दिसलं. मला आठवतसुद्धा नव्हतं बघ." तिनं स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, जरा डावीकडे. "इथे. मी निजताना त्यावर बोट ठेवायची."

मी चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. त्या काळ्यापांढऱ्यात एक ठिपका होता. तो गोंदण असेल. जुन्या कागदावरचा बुरशीचा डागही असेल. मला खरंच सांगता आलं नाही, आजही येत नाही.

"अगं, हे तू केलेलं नाही," मी म्हटलं. "हे माझ्या फडक्यानं झालंय. तुझं अजून पुष्कळ मागे आहे. ते तरी बघू या."

"नको."

"मग त्या दिवशी दिसली ती कोण?"

"तीही आईच."

"दोन्ही कशा असतील?"

"तू लायब्ररीत होतीस ना, तुला एका नावाला एकच खण लागतो," ती म्हणाली. "माझ्या आईला लागत नाही. कागद काढ आधी. आणि कॉफी कर, तुझ्या भाच्याला येत नाही."

मी तिथेच त्या पायरीवर डब्याची वायर काढली, जपून, बटणांना हात न लावता. भाच्यानं खालच्या दुकानातून मोठा प्रिंट काढून आणला. दुकानदारानं म्हणे त्याला विचारलं, बिघडलाय, नीट करून देऊ का?

अक्कानं तो उशाशी लावला आहे. तिच्या डोळ्यांचं कडेचंही आता कमी होत चाललं आहे, पण सकाळी उजेड आला की ती त्या बाजूला कान करून बसते. मी गेले की विचारते, "दिसतीय ना?" आणि मी अजून त्या ठिपक्याकडे बघत राहते. कधी कधी वाटतं, दिसतीय. घरी येऊन मूळ फोटो बघितला की पुन्हा काही कळेनासं होतं.

थोरल्या, डबा आत्ता पाठवता येणार नाही. पुढच्या महिन्यात अक्का राहायला येते आहे आणि तिला त्या फोटोतलं स्वतःचं तोंड बघायचं आहे. त्यात ती नेसली आहे तो परकर कोणत्या रंगाचा होता यावरूनही ती माझ्याशी भांडते आहे, फोटोत रंग नसताना.

तपकिरी फोटो माझ्या कपाटात आहे. काळा प्रिंट अक्काच्या उशाशी आहे. डबा टेबलावर आहे, टिकल्यांसकट. लांबट नागमोडी टिकली पडली, तिच्या जागी गोल लावली आहे. डब्यावर धूळ आहे.