शिंकेत गेलेलं इंजिन

माझ्या सासऱ्यांनी दोन मुलींसाठी दोन जावई पारखून घेतले आणि त्यांतला एक साफ चुकला, असं सबंध सासुरवाडीचं मत आहे. वाद आहे तो फक्त कोणता चुकला याबद्दल. मला विचाराल तर आमच्या थोरल्या साडूंइतका रेल्वेवेडा माणूस या सिंगापूर बेटावर दुसरा नाही. रेल्वेत बसायची हौस पुष्कळांना असते. साडूंना बसायचं नसतंच. त्यांना फलाटाच्या अगदी टोकाला उभं राहून येणाऱ्या गाडीचा नंबर टिपायचा असतो, वहीत त्या नंबराखाली पट्टीने रेघ मारायची असते आणि गाडी निघून गेली की तृप्त मनाने घरी यायचं असतं. इथे फ्लॅट घेताना लोक मुलांची शाळा पाहतात, ऑफिस किती लांब ते पाहतात. साडूंनी बुकित पंजांगचा फ्लॅट पसंत केला, कारण त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून एलआरटी, म्हणजे उंच पुलावरून धावणारी एक-दोन डब्यांची छोटी गाडी, जाते. एजंट बाई बिचाऱ्या बेडरूम दाखवत होत्या आणि हे ओट्यापाशी घड्याळ लावून उभे. या मार्गावरच्या जुन्या डब्यांच्या काचा इमारतींजवळून जाताना आपोआप धूसर होतात, आतल्या लोकांनी कुणाच्या घरात डोकावू नये म्हणून. माझी थोरली मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, म्हणते, "त्या गाडीला कळतं हो, यांना कळत नाही."

हे वेड त्यांनी आणलं विलायतेहून. सॉफ्टवेअरच्या कामासाठी कंपनीने त्यांना इंग्लंडमधल्या एका गावी पाठवलं होतं. तिथे दर रविवारी फलाटाच्या टोकाला रेनकोट घातलेली, थर्मास घेतलेली पाच वयस्क माणसं उभी असत. साडू सहावे झाले. इंजिनांच्या नंबरांची छापील पुस्तकं तिथे मिळतात. पाहिलेल्या नंबराखाली रेघ मारायची. तपासायला कुणी येत नाही, बक्षीस नाही, म्हणूनच नियम कडक: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेघ नाही. एकदा फार दुर्मीळ असं एक इंजिन धडधडत आलं आणि नेमक्या त्याच क्षणी साडूंना शिंक आली. डोळे उघडेपर्यंत इंजिन पुढे गेलं होतं. पाचही जणांनी एकमुखाने नंबर सांगितला. साडूंनी रेघ मारली नाही. पुढे ते इंजिन त्यांना कधीच दिसलं नाही, आणि त्या पुस्तकात तो एक नंबर अजून उघडाच आहे. पाहुण्यांना ते पान काढून दाखवतात. मेहुणी त्या वेळी हळूच रुमाल पुढे करते.

पण विलायतेहून त्यांनी आणखी एक दुखणं आणलं, ते म्हणजे तिथल्या रेल्वेचं खाजगीकरण. आपल्या घरात फूट पडावी इतकं ते त्यांना लागलं होतं. एका गुढीपाडव्याला त्यांनी ते आम्हाला पुऱ्यांवर समजावून सांगितलं. "हे ताट म्हणजे रूळ. ताट तुमचं. या पुऱ्या म्हणजे गाड्या, त्या हिच्या मालकीच्या. त्या भाड्याने घेऊन वाढणारा मी. आता पुरी गार आली, तर तक्रार कुणाकडे कराल?" हे चालू असेपर्यंत पुऱ्या खरोखरच गार झाल्या. "तक्रार माझ्याकडे करा," मेहुणी म्हणाली, "मी ताट आणि पुऱ्या दोन्ही उचलून नेते." त्यांची मुलगी मोबाईलमधून मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, ट्रेन इज ट्रेन लाह." मी मात्र खाजगीवाल्यांची बाजू घेतली: नव्या गाड्या आल्या, प्रवासी वाढले, स्पर्धा असली की काम सुधारतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांची फिरकी घ्यायची होती, एवढंच. पण साडूंसमोर एकदा घेतलेली बाजू सोडता येत नाही, म्हणून पुढची अकरा वर्षं मी न पाहिलेल्या देशातल्या न पाहिलेल्या कंपन्यांची वकिली करत राहिलो. तिकडे एकेक मार्ग पुन्हा सरकारकडे यायला लागला, तेव्हा साडू लिटल इंडियातून पेढे घेऊन थेट पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात हजर झाले. "तोंड गोड करा. तुमचा पक्ष पडला." पेढा मी खाल्ला, हार मानली नाही.

सिंगापुरात नंबरांचं छापील पुस्तक मिळत नाही, म्हणून त्यांनी लांबट रजिस्टर आणून स्वतःच रकाने आखले. एलआरटीला लोखंडी रूळ नाहीत, रबराची चाकं आहेत, तेव्हा ही रेल्वे तरी म्हणायची का, असं मी विचारलं. "नातवाचं नाक आजोबांसारखं नसलं, तर तो नातू नाही का?" असा उलट प्रश्न आला. जुन्या सगळ्या डब्यांखाली रेघा कधीच मारून झाल्या होत्या. मग जुने डबे काढून एकेक नवा डबा यायला लागला आणि साडू पुन्हा तरुण झाले. शनिवारी सकाळी मला माझ्या क्वीन्सटाउनच्या घरून बोलावून घेत, आणि आम्ही दोघं स्टेशनाच्या टोकाला उभे राहत असू.

या सुमारास त्यांनी दोन नव्या लकबी काढल्या. गाडी समोर आली की मान वळवून ते तिच्याकडे तिरपं बघायला लागले, मुलगी पाहायला गेलेला जुन्या काळचा लाजाळू नवरदेव बघत असेल तसं. दुसरी लकब म्हणजे माझी परीक्षा. "सांगा, नंबर कोणता?" मी सांगितला की मास्तरांसारखी मान हलवून म्हणायचे, "बरोबर." या दोन्ही लकबींच्या मी घरी नकला केल्या आणि बायकोला पोट धरून हसवलं. आता त्या नकला आठवल्या की मला स्वतःची लाज वाटते.

एका शनिवारी मला पुन्हा फिरकी घ्यायची लहर आली. डब्यावर ठळक एकशे एक्केचाळीस होतं. साडूंनी विचारलं, "कोणता?" मी म्हणालो, "एकशे एकोणचाळीस." आता केवढा आरडाओरडा होतो ते ऐकायला मी कान टवकारले. साडूंनी मान हलवली. "बरोबर," ते म्हणाले.

गाडी गेली. मी म्हणालो, "साडूभाऊ, एक्केचाळीस होता." ते म्हणाले, "आपल्या जुन्या डब्यांच्या काचा घरांपाशी धूसर होतात ना, तसं झालंय. कडेकडेचं दिसतं. झाडं दिसतात, तुमचा शर्ट दिसतो. मधोमध जिथे बघावं, नेमकं तेवढंच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकलं तरी पुष्कळ." मेहुणीला ठाऊक होतं, बाकी कुणाला सांगायचं नाही, असं तिला बजावलेलं होतं. त्यांच्या घरी जाऊन मी रजिस्टर उघडलं. तारखांचा रकाना पाहिला, तर गेल्या कित्येक महिन्यांत एकही रेघ नव्हती. दर शनिवारी ते मला नंबर विचारत होते, मी सांगत होतो, आणि ते घरी येऊन वही न उघडता कपाटात ठेवत होते.

त्यानंतर मी एकही शनिवार चुकवला नाही. नव्या डब्यांपैकी आम्हा दोघांना एकत्र एकच सापडायचा राहिला होता, एकशे सत्तेचाळीस. तो गेल्या महिन्यात आला. मी लहान मुलासारखा ओरडलो, शेजारच्या चिनी आजींनी दचकून भाजीची पिशवी छातीशी धरली. साडू शांत होते. "नक्की?" त्यांनी विचारलं. नक्की, मी म्हणालो. पण एकदा खोटा नंबर सांगितलेल्या माणसाच्या 'नक्की'ला काय वजन असणार!

घरी मेहुणीने चहा ठेवला. मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, पेन्सिल ठेवली. त्यांनी ती बाजूला सरकवली. "पाहणार एक आणि रेघ मारणार दुसरा? अहो, हेच तर त्यांनी तिकडे केलं. उद्या चूक निघाली तर जबाबदार कोण?"

मेहुणी चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. साडू थट्टेने बोलत नव्हते. डोळे गेले तर गेले, पण आयुष्यभर खरी ठेवलेली वही शेवटच्या पानावर खोटी होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मला एवढंच हवं होतं की ती वही अशी अर्धवट मिटू नये. मी म्हणालो, "साडूभाऊ, तुमचं बरोबर होतं. रूळ आणि गाड्या वेगळ्या करायला नको होत्या. अकरा वर्षं मी उगाच भांडलो. आता तिकडेही सगळं एकत्र करतायत. आपणही करू. वही दोघांची."

"कबूल?"

"कबूल."

त्यांनी मेहुणीकडे वळून विचारलं, "ऐकलंस ना?" ती डोळे पुसत म्हणाली, "ऐकलं. चहा घ्या आता."

मग त्यांनी पेन्सिल उचलली. मी बोट धरून त्यांना नंबराची जागा दाखवली आणि पट्टी पुढे केली. पट्टी त्यांनी घेतली नाही. हातानेच रेघ मारली आणि माझ्याकडे तिरपं बघून विचारलं, "वाकडी आली का?"

सरळ आली म्हणावंसं मला फार वाटलं. "चांगलीच वाकडी आली," मी म्हणालो. "शेजारच्या नंबरात घुसलीय."

साडू कित्येक महिन्यांनी मोकळं हसले. "मग सत्तेचाळीसही खरा असणार. आता पुढे तुम्ही लिहा: पाहिले, साडूंनी."

मी लिहिलं; त्यांचा साडू म्हणजे मीच. लिहिताना मला राहवलं नाही. "तिकडे पाच जणांनी सांगूनसुद्धा तुम्ही रेघ मारली नव्हती. मग आज माझ्या एकट्याच्या सांगण्यावरून कशी मारलीत?"

"ते पाच जण," चहाचा कप चाचपडत ते म्हणाले, "माझे साडू नव्हते."

शिंकेत गेलेल्या त्या इंजिनाखाली अजून रेघ नाही, आणि आता ती कधी पडणारही नाही. आम्ही शनिवारी जातो. ते फलाटाच्या टोकाला मान तिरकी करून उभे राहतात, मी नंबर वाचतो, आणि मधल्या महिन्यांत रेघेविना राहिलेला डबा पुन्हा दिसला की त्याच्याखालीही रेघ पडते. त्यांनी विचारलं नाही, तरी मी हल्ली प्रत्येक नंबर दोनदा बघतो.