दोन काठ्या आणि माझं दुकान

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. मी मिटले आणि सरळ त्यांच्या अंगावर कोसळले. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं, एवढीच तपासणी होती. एकोणसाठ वर्षांची मी, बंगळुरूच्या बसवनगुडीत ब्लाउज शिवून मुलाला इंजिनिअर केलेली बाई, आणि मला उभं राहता येत नव्हतं.

एमआरआयनंतर आजाराचं नाव कळलं: सबअक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन. अंगातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व फार कमी झालं, की मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजतं. पाय नेमके कुठे आहेत, हे मेंदूला कळेनासं होतं. आमचं जेवण शाकाहारी, त्यात पित्ताच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं कुणाला न विचारता घेत होते. त्या गोळ्यांनी हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

खुणा आधीच दिसल्या होत्या. तळव्यांना मुंग्या येत. मशीनच्या पेडलवर पाय आहे की नाही, ते वाकून बघावं लागे. एकदा रस्त्यात फुलवाली ओरडली, "अक्का, चप्पल!" चप्पल दहा पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. मी हसण्यावारी नेलं. तुम्ही नेऊ नका.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याला. डॉक्टर म्हणाले, "नसा सावकाश सुधारतील. किती, ते आज सांगता येणार नाही."

माझा मुलगा प्रसाद सर्जापूर रोडला राहतो. त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "आई, दुकान बंद कर. आमच्याकडे ये. लिफ्ट आहे, कामाला बाई आहे, तुला उठायचंही काम नाही."

उठायचंही काम नाही! तो मायेनेच बोलला, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दुकान माझं आहे," मी म्हटलं. "बंद कधी करायचं ते मी ठरवीन."

हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट सुमा. तिने मला एक काठी न देता दोन दिल्या. वॉकिंग पोल्स, डोंगर चढणारे वापरतात तशा. "एका काठीवर तुम्ही एका बाजूला कलाल, अक्का. दोन असल्या की पाठ सरळ राहते. पायांना जे कळत नाही, ते हातांना कळेल." कोपर काटकोनात येईल इतकी उंची. उजवा पाय, डावी काठी. डावा पाय, उजवी काठी. पंधरा दिवस मी तिच्यासमोर चुकत राहिले. "स्वल्प निधान," ती कन्नडमध्ये म्हणे, म्हणजे जरा हळू. मला हळू जमतच नव्हतं.

दुकान घरापासून चार मिनिटांवर. पहिल्या दिवशी पंचवीस लागली. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "काय अक्का, ट्रेकिंगला?"

"हो. दुकानापर्यंत."

कुलूप उघडायला मी दोन्ही काठ्या एकदम सोडल्या आणि शटरसमोर आडवी झाले. गुडघा फुटला. शेजारच्या कॉफीवाल्याने उठवलं. "घरी सोडतो तुम्हाला," तो म्हणाला.

"आधी शटर वर कर," मी म्हटलं.

त्या दिवशी एक हूकसुद्धा लावला नाही. नुसती खुर्चीत बसले. रडलेही. पण दुकान उघडं होतं.

पडल्याचं सांगितल्यावर सुमा रागावली, आणि तिचं बरोबर होतं. आता आधी पाठ भिंतीला टेकवते, मग किल्ली काढते. हट्ट जरूर करा, पण शिकवलेलं ऐकून करा.

आठ महिने झाले. इंजेक्शन आता महिन्याला एक, कायमचं. मुंग्या गेल्या. तळवे अर्धेच जागे झालेत, त्यामुळे बाहेर पडताना काठ्या लागतातच. पेडल किती दाबलं ते मशीनच्या आवाजावरून ओळखते. प्रसाद अजून म्हणतो, "हट्टी आहेस." सरी, बरं बाबा, आहे.

मागच्या आठवड्यात सुमाने मुद्दाम हॉस्पिटलात बोलावून घेतलं. तिने माझ्यासाठी जे केलं, त्यानंतर मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिथे एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांचाही तोल जात होता, आणि सुमाने पुढे केलेल्या काठ्यांना ते हात लावायला तयार नव्हते.

"दोन-दोन काठ्या घेऊन गल्लीतून कसं जायचं?" ते मला म्हणाले. "लोक बघतात हो."

"बघू देत. मीही त्यांच्याकडे बघते."

ते हसले नाहीत, पण उभे राहिले. काठ्या त्यांना आखूड होत होत्या. मी त्या हातात घेतल्या, कोपराशी माप धरलं, मधला पेच सैल करून उंची वाढवली आणि घट्ट आवळून दिल्या.

"चला," मी म्हटलं, "दारापर्यंत जाऊन येऊ."