डेसनं गाडी बांधायला घेतली

इंग्लंडातल्या किथली गावच्या सूतगिरण्यांना यंत्रांचे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात डेस ऑलरॉइडनं एकेचाळीस वर्षं लेथ चालवला. स्वतःच्या हातानं गाडी बांधायची, हे खूळ त्याच्या डोक्यात लग्नाआधीपासूनचं. मग लग्न झालं, दोन मुली झाल्या, छत गळलं, मुलींची लग्नं झाली, आणि गाडी दरवेळी पुढच्या वर्षावर गेली. अशी माणसं आमच्याकडे गल्लीगणिक एक सापडतात. त्यांच्या गॅरेजात गाडी सोडून बाकी सगळं असतं.

अडुसष्टाव्या वर्षी त्यानं एकदाचं सामान मागवलं. नळ्यांचा सांगाडा आणि तेवीस खोकी ट्रकमधून उतरली, तेव्हा बायको ग्लेनिस दारातच उभी होती.

"आली बाई माझी सवत!" ती म्हणाली. "मला नाही कधी कुणी असं दोघादोघांनी उचलून घरात आणलं."

"तुला चौघं लागले असते," डेस म्हणाला. ट्रकवालासुद्धा हसला.

डेसनं मात्र तिच्यापासून एक गोष्ट लपवली होती. सामान मागवायच्या तीन आठवडे आधी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत, यावर उपाय नाही, गाडी चालवणं आजपासून बंद. परवाना त्यानं गुपचूप परत पाठवला. गुडघ्याचं निमित्त सांगून तो घरची गाडी ग्लेनिसलाच चालवायला लावू लागला. तिला उद्या सांगू, उद्या सांगू, करत पाच महिने गेले. लोखंडाला कधी घाबरला नाही हा माणूस, पण बायकोला एवढं सांगायला त्याची जीभ रेटेना.

गाडी बांधायची तर आधी यादी हातात घेऊन सामान तपासायचं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं शोधायचं. एरवी या कामाच्या आसपास कुणी बायकोला फिरकू देत नाही, पण डेसनं ग्लेनिसला हाक मारली.

"चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे. तूच वाच."

ती चहाचे दोन मग घेऊन आली आणि खोक्यावर बसली. ती नाव वाची, तो चाचपून वस्तू काढी. नट नुसता बोटांत फिरवून तो त्याचं माप सांगू लागला, तशी ती चाट पडली.

"न बघता?"

"एकेचाळीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

छान चाललं होतं. सगळा हिवाळा असाच जाईल, सांगायची वेळच येणार नाही, असं त्याला वाटायला लागलं. तेवढ्यात ग्लेनिस शेवटच्या पानावर अडली.

"अरे, यांनी घोळ घातलाय. चालकाची उंची पाच फूट एक इंच लिहिलीय! सीट, पेडल, सगळं त्या मापानं पाठवलंय. तुझे पाय कुठे मावणार? फोन लाव त्यांना."

"त्यांचं काही चुकलेलं नाही. फोनवर मीच सांगितलं तसं."

त्या घरात पाच फूट एक इंच एकच माणूस होतं. ग्लेनिसनं कागद मांडीवर ठेवला. मग डेसनं डॉक्टरीणबाईंपासूनचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तू चालव," तो शेवटी म्हणाला. "मी बाजूला बसेन."

"मला नको तुझी गाडी!" ग्लेनिस उसळलीच. "मला तू ती चालवताना बघायचं होतं. एवढी वर्षं नुसती चिडवत होते होय रे मी? मीही वाटच बघत होते ना! आणि पाच महिने तू एकटाच हे उरात घेऊन हिंडलास? माझ्याशेजारी झोपत होतास ना रोज?"

डेस मान खाली घालून हातातला नट फिरवत राहिला. त्याला फार लाज वाटत होती.

"वर बघ," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे बघून बोल."

"सरळ बघितलं की तू दिसत नाहीस, ग्लेनिस. मधलं सगळं जातं. कडेचं तेवढं दिसतं."

ग्लेनिसनं मांडीवरचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मग जसं दिसेल तसं बघ."

डेसनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि त्याला ती रडताना दिसली.